स्मृतीची गंगाजळी

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेच्या प्रत्येक शाखेत निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ सुरू होते. हयातीचा दाखला देण्यासाठी कोणी काठी टेकत येतो, कोणी नातवाचा हात धरून येतो, तर कोणी जुन्या सवयीप्रमाणे शाखा उघडण्यापूर्वीच दारात येऊन उभा राहतो. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका सकाळी एक निवृत्त मुख्याध्यापक सपत्नीक माझ्या टेबलासमोर बसले होते. त्यांची सही म्हणजे मोत्यांची माळ. इतक्या वर्षांत तिच्यात काडीचाही फरक पडलेला मी पाहिला नव्हता. "सर, इथे सही करा," असे म्हणून मी कागद पुढे केला. त्यांनी पेन हाती घेतले, कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि शांतपणे पत्नीला विचारले, "काय लिहायचं इथे?"

काकू ओशाळून हसल्या. म्हणाल्या, "साहेब, वय झालं आता. साठी बुद्धी नाठी म्हणतातच ना!"

मीही मान डोलावली. त्यांचे काम करून दिले, दोघांना चहा मागवला. बोलता बोलता काकूंनी सांगितले, की सरांना ऐकू कमी येऊ लागले आणि त्यांनी संध्याकाळचे कट्ट्यावर जाणे सोडले. रक्तदाबाच्या गोळ्या 'बरे वाटते' म्हणून केव्हाच बंद केल्या होत्या. हे सारे मी ऐकले आणि पुढच्या टोकनाकडे वळलो.

आज वाटते, ती मान डोलावणे चूक होती. सरांचा आजार कशामुळे झाला, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण 'वय झाले की असे व्हायचेच' ही आपली पिढीजात समजूत मात्र शास्त्राच्या कसोटीवर टिकलेली नाही. स्मृतिभ्रंशाच्या वाट्याला जाणारी बरीचशी माणसे वाचवता येण्याजोगी असतात. मात्र ती एकेकटी वाचत नाहीत. सारा समाज मिळून थोडा थोडा बदलतो, तेव्हा ती वाचतात. प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच आहे.

वार्धक्य वेगळे, आजार वेगळा

चष्मा कोठे ठेवला हे विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. चष्मा कशासाठी असतो हे विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश. नेहमीच्या वाटेवर चुकणे, पैशांचा साधा हिशेब न जमणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणे, स्वभाव पार पालटणे, आणि हे सारे इतके वाढणे की रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर होईनासे व्हावेत, याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. आपण त्याला स्मृतिभ्रंश म्हणू. हा एकच एक रोग नाही, अनेक रोगांचे ते दृश्य रूप आहे. त्यांतील सर्वांत मोठा वाटा अल्झायमरच्या आजाराचा. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृतींचे वर्णन प्रथम मांडले, म्हणून त्यांचे नाव या आजाराला मिळाले. त्याखालोखाल वाटा आहे मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा. अनेक वृद्धांत हे दोन्ही एकत्रच नांदत असतात.

आपल्या देशात साठी ओलांडलेल्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जण स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. त्याच पाहणीतील दोन आकडे अधिक बोलके आहेत. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५.८ टक्के, तर स्त्रियांमध्ये ९ टक्के. शहरांत ५.३ टक्के, तर खेड्यांत ८.४ टक्के. हा आजार केवळ वयाचा खेळ असता, तर एकाच देशात, एकाच वयोगटात एवढी तफावत पडली नसती. ज्यांच्या वाट्याला शाळा कमी आली, त्यांच्या वाट्याला हा आजार अधिक आला, असेही या अभ्यासात दिसते.

जिथे हे प्रमाण घटले

जगात वृद्धांची संख्या वाढते आहे, त्यामुळे रुग्णांची एकूण संख्याही वाढणार, हे उघड आहे. परंतु विशिष्ट वयाच्या माणसाला हा आजार होण्याची शक्यता काही देशांत चक्क कमी झाली आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथील ५,२०९ रहिवाशांच्या प्रकृतीचा अभ्यास १९४८ साली सुरू झाला आणि पुढे त्यांच्या मुला-नातवंडांपर्यंत चालू राहिला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाला प्रामुख्याने या गावाने शिकवला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथील साठीपुढच्या दर १०० जणांमागे पाच वर्षांत ३.६ जणांना स्मृतिभ्रंश होत असे. तीस वर्षांनंतर हे प्रमाण २ वर आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला एक पुस्ती होती. ही घट निदान माध्यमिक शालान्त शिक्षण झालेल्यांमध्येच आढळली. ज्यांचे शिक्षण त्याहून कमी, त्यांच्या पदरात हा लाभ पडला नाही.

इंग्लंडचा अनुभवही असाच. केंब्रिजशर, न्यूकॅसल आणि नॉटिंगहॅम या तीन भागांतील ६५ वर्षांवरील नागरिकांची पाहणी १९९०च्या सुमारास झाली होती. सुमारे वीस वर्षांनी त्याच भागांत, त्याच पद्धतीने ती पुन्हा करण्यात आली. जुन्या प्रमाणाने ८.३ टक्के रुग्ण आढळायला हवे होते, प्रत्यक्षात ६.५ टक्केच आढळले. या काळात स्मृतिभ्रंशावर कोणतेही रामबाण औषध निघालेले नव्हते. मात्र मधल्या पिढीने सिगारेट कमी केली होती, तिचा रक्तदाब अधिक चांगला सांभाळला गेला होता आणि ती आधीच्या पिढीपेक्षा अधिक शिकलेली होती.

गंगाजळीचा हिशेब

शिक्षणाचा मेंदूच्या आजाराशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच पडेल. बँकेच्या वाचकांना तो समजावणे सोपे आहे. संस्था सुस्थितीत असताना नफ्यातील काही भाग बाजूला काढून गंगाजळी उभी करते आणि तोट्याचे वर्ष आले तरी तिच्या आधारावर कारभार चालू राहतो. मेंदूचेही असेच आहे. वाचन, शिक्षण, नवनवीन कौशल्ये, माणसांशी संवाद यांमुळे मेंदूतील जोडण्यांचे जाळे दाट होते. पुढे रोगाने त्यातील काही वाटा बंद केल्या, तरी पर्यायी वाटांनी काम चालते. शवविच्छेदनात अल्झायमरच्या ठळक खुणा सापडूनही हयातीत शेवटपर्यंत बुद्धी शाबूत राहिलेली माणसे संशोधकांनी अनेकदा पाहिली आहेत. रोग होता, पण गंगाजळी मोठी होती.

ही गंगाजळी केवळ शाळेतच साठते असे नाही. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे एकभाषी रुग्णांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला. घरी तेलुगू, बाजारात दखनी, कामावर हिंदी किंवा इंग्रजी असे बोलणे त्या शहराच्या अंगवळणी पडलेले आहे. अशा एका अभ्यासावरून कार्यकारणाचा अंतिम निवाडा होत नाही. तरीही चेन्नईला किंवा कोलकात्याला बदली झाली म्हणून खट्टू होणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथील भाषा शिकण्यात गमावण्यासारखे तर काहीच नाही!

फिनलंडच्या एका प्रांताची गोष्ट

गंगाजळी वाढवणे ही अर्धी बाजू झाली. दुसरी अर्धी बाजू गळती थांबवण्याची. यासाठी फिनलंडमधील उत्तर कारेलिया प्रांताची कथा उद्बोधक आहे.

१९७०च्या सुमारास या जंगलव्याप्त प्रांतातील कमावते पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने मरत होते. लोणी, साय आणि मीठ यांवर पोसलेले जेवण आणि जोडीला सिगारेट. अखेर लोकांनीच सरकारकडे मदत मागितली. १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का या तरुण वैद्याच्या नेतृत्वाखाली तेथे एक प्रकल्प सुरू झाला. त्यांनी केवळ रुग्ण शोधून औषधे दिली नाहीत. गावोगावच्या महिला मंडळांना हाताशी धरून कमी चरबीच्या पाककृती घराघरांत पोहोचवल्या, बेकरीवाल्यांना आणि मांसपदार्थ बनवणाऱ्यांना मीठ व चरबी कमी करायला राजी केले, दूधउत्पादकांना बोरवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळण्यास मदत केली. सुमारे चाळीस वर्षांत तेथील कमावत्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

या कथेचा दुसरा अंक स्मृतीचा आहे. या आणि शेजारच्या प्रांतात १९७० व ८०च्या दशकांत ज्यांचे रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मोजले होते, त्यांपैकी १,४४९ जणांना १९९८ साली पुन्हा तपासण्यात आले. डॉ. मिया किविपेल्टो आणि सहकाऱ्यांना आढळले, की चाळिशी-पन्नाशीत ज्यांचा रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल वाढलेले होते, त्यांना पुढे अल्झायमर होण्याचा धोका अधिक होता. सत्तरीत दिसणाऱ्या आजाराची नोंद अशी वीस वर्षे आधीच खतावणीत झालेली होती.

याच संशोधक गटाने पुढे ६० ते ७७ वयाच्या १,२६० धोकाप्रवण व्यक्तींवर दोन वर्षांचा प्रयोग केला. योग्य आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर नियमित नजर असा तो चौपदरी कार्यक्रम होता. २०१५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार बौद्धिक चाचण्यांतील सुधारणा या गटात, केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. साठीनंतरही उशीर झालेला नसतो, हा त्याचा अर्थ.

चौदा छिद्रे

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोग्या अशा चौदा जोखीम घटकांची यादी दिली. हे सर्व जगातून नाहीसे करता आले, तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असा आयोगाचा हिशेब आहे. त्यात प्रत्येकाचा वाटा असा:

बालपणी शिक्षणाचा अभाव, ५ टक्के.

मध्यम वयात ऐकू कमी येणे ७, 'वाईट' कोलेस्टेरॉल ७, नैराश्य ३, डोक्याला झालेली इजा ३, आणि शारीरिक श्रमांचा अभाव, मधुमेह, धूम्रपान व उच्च रक्तदाब प्रत्येकी २, लठ्ठपणा आणि अतिमद्यपान प्रत्येकी १ टक्का.

उतारवयात एकटेपणा ५, हवेचे प्रदूषण ३ आणि दृष्टिदोषाकडे दुर्लक्ष २ टक्के.

हे आकडे साऱ्या लोकसंख्येचे आहेत. 'मी सारे पाळले, म्हणजे माझा धोका ४५ टक्क्यांनी उतरला', असा त्यांचा अर्थ नाही. वय आणि आनुवंशिकता या गोष्टी कोणाच्याच हातात नाहीत. सारी पथ्ये पाळूनही एखाद्याला हा आजार होतो. म्हणूनच रुग्णाला किंवा त्याच्या कुटुंबाला बोल लावणे सर्वस्वी अनुचित होय.

थेंबे थेंबे तळे साचे

येथे जिऑफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाची आठवण होते. १९८५ साली त्यांनी एक साधाच, पण धोरणे बदलून टाकणारा विचार मांडला. मोठा धोका असलेल्या थोड्या लोकांपेक्षा लहानसा धोका असलेल्या असंख्य लोकांमधून अधिक रुग्ण निर्माण होऊ शकतात. म्हणून मूठभरांवर मोठे उपचार करण्याबरोबरच सर्वांचाच धोका थोडा खाली आणणे अगत्याचे ठरते. शाखेच्या ठेवी चार बड्या खातेदारांवर नव्हे, तर हजारो लहान खात्यांवर उभ्या असतात, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

या दृष्टीने पाहिले, तर स्मृतिभ्रंश प्रतिबंधाचे नाव न घेताही देशात तशी कामे होत आलेली दिसतात. मुलीने दहावीपर्यंत शाळेत टिकणे हा तिच्या सत्तरीतील स्मृतीचा विमा आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० साली अमलात आला, तो म्हणूनच आरोग्याचाही कायदा ठरतो. दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे करणारे १९८८ च्या कायद्यातील कलम, २०१६ साली सुरू झालेली आणि स्वयंपाकघरातील चुलीचा धूर कमी करू पाहणारी उज्ज्वला योजना, तेल-तुपातील घातक ट्रान्स स्निग्धांशावर २०२२ पासून घातलेली दोन टक्क्यांची मर्यादा, २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत आरंभलेला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम, या साऱ्यांचा लाभ हृदयाला आणि फुप्फुसांना होतो, तसाच कालांतराने मेंदूलाही होणार आहे. धूर, मीठ आणि शाळा या गोष्टी एकट्या माणसाच्या निर्धारावर सोडून भागत नाही. ज्या गावात फिरायला पदपथ नाही, तेथील आजोबांना 'रोज अर्धा तास चाला' असे सांगणे सोपे, पाळणे कठीण!

आपल्या हाती काय?

तरीही घरोघरी करण्याजोगे बरेच आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. गोळ्या सुरू झाल्या असतील, तर 'बरे वाटते' म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. बरे वाटते ते गोळ्यांमुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खाण्याची शिफारस केली आहे. लोणचे, पापड, फरसाण आणि ताटात वाढलेले वरचे मीठ जमेस धरले, तर आपण ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

कानांकडे आपण सर्वाधिक दुर्लक्ष करतो. चष्मा लावण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, पण श्रवणयंत्र म्हटले की माणूस म्हातारा ठरतो! अमेरिकेतील ९७७ वृद्धांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकंदर गटात श्रवणयंत्राने मोठा फरक पडला नाही. परंतु ज्यांचा धोका मुळातच अधिक होता, अशा उपगटात तीन वर्षांतील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. ऐकू येईना की माणूस बोलणे टाळतो, बोलणे टाळले की एकटा पडतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलणाऱ्यांनाही हेच लागू आहे. घरातील वडीलधाऱ्यांना वेळीच कानाच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. विसरभोळेपणा वाढल्यासारखा वाटला, तरी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. कधी थायरॉइडचा बिघाड किंवा 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता हेही त्याचे कारण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

आणि माणसांत राहावे. भजनी मंडळ, ग्रंथालय, ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतला कट्टा यांचे मोल औषधापेक्षा कमी नाही. ज्यांच्या घरी रुग्ण आहे, त्यांची सेवा बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी अहोरात्र करत असते. आठवड्यातून एक दुपार तिच्याऐवजी आपण बसणे हीदेखील मोठी मदत आहे. तिचा रक्तदाब आणि तिचा एकटेपणा हेही याच यादीतले आहेत.

आम्हा कर्मचाऱ्यांनाही यात वाटा उचलता येईल. काउंटरवरील वृद्ध ग्राहक सहीपाशी अडखळला, तर घाई न करता, चारचौघांत आवाज न चढवता त्याला वेळ द्यावा. वारंवार तेच घडत असेल, तर सोबतच्या नातलगाला हळूच बाजूला घेऊन डॉक्टरांना भेटण्याचे सुचवावे. नोव्हेंबरच्या गर्दीत शाखेच्या एका कोपऱ्यात स्थानिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने रक्तदाब तपासण्याची सोय केली, तर हयातीचा दाखला देता देता हयात सुखाची करण्याचे कामही घडेल.

मुख्याध्यापक सर आणि काकू यांची ती भेट मनातून जाईना, म्हणून त्याच आठवड्यात मी स्वतःचा रक्तदाब मोजून घेतला. वरचा आकडा १५२ निघाला. मला त्यापूर्वी कधी डोकेसुद्धा दुखले नव्हते. तेव्हापासून गोळी चुकलेली नाही आणि ताटातले मीठ डावीकडून हद्दपार झाले आहे. पुढच्या नोव्हेंबरात काकू एकट्याच आल्या. सर घरीच होते, प्रकृतीने ठीक, पण बाहेर पडेनासे झालेले. त्या वेळी मात्र मी मान डोलावली नाही. काकूंना विचारले, "तुमचा रक्तदाब कधी तपासलात?" त्या म्हणाल्या, "माझा? माझ्याकडे बघायला वेळ कुठे आहे, साहेब!"

त्या दिवशी शाखेचे काम आटोपल्यावर मी त्यांना शेजारच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

मुदत ठेव जितकी लवकर ठेवावी, तितकी ती फळते, हे आपण ग्राहकांना नित्य सांगत असतो. स्मृतीची ठेवही तशीच आहे. ती चाळिशीत ठेवली तर उत्तम, साठीत ठेवली तरी चालेल. मात्र ती केवळ स्वतःच्या नावावर न ठेवता घराच्या, गल्लीच्या आणि गावाच्या संयुक्त नावाने ठेवावी, म्हणजे 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपली नातवंडे केवळ जुन्या पुस्तकात वाचतील.